उरलेल्या पायासाठी : रोगट रोहिणीच्या सूक्ष्मदर्शनाची प्रस्तावना

गुडघ्याखाली कापलेला पाय शस्त्रक्रियागृहातून बाहेर आला की बहुतेक वेळा थेट पिवळ्या पिशवीत जातो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार मानवी अवयवांची तीच ठरलेली जागा आहे. पुढे भट्टी, नाहीतर खोल खड्डा. नियम योग्यच आहे. पण पिशवीचे तोंड बांधण्यापूर्वी त्या पायातली दोन-तीन सेंटिमीटर रोहिणी, शेजारची नीला आणि मज्जातंतू यांच्यासकट, फॉर्मलिनच्या बाटलीत पडली असती, तर त्या माणसाच्या दुसऱ्या पायाबद्दल बरेच काही ठामपणे सांगता आले असते. हे सगळे लेखन त्या दोन-तीन सेंटिमीटरांविषयी आहे. कापलेला पाय तपासायचा तो उरलेल्या पायासाठी, एवढे वाचकाने सुरुवातीलाच मनाशी धरावे. रंग, भिंगे, इतिहास, वाद हे सगळे त्याच्या पोटात येते.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत काम करणारे वैद्यकीय अधिकारी, डीएमएलटी करून प्रयोगशाळेत बसलेली मुले-मुली, विकृतिशास्त्राकडे वळू पाहणारे विद्यार्थी हे या लेखनाचे पहिले वाचक. घरातल्या कुणाचा पाय गेला आणि ‘असे का झाले’ हा प्रश्न ज्यांच्या मनातून जात नाही, त्यांचेही इथे तितकेच स्वागत आहे. गंजाडसारख्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला सूक्ष्मदर्शक नवा नाही. हिवतापाच्या काचा आणि थुंकीचे नमुने त्याच्याखाली रोज जातात. तेच डोळे रोहिणीचा छेदही वाचू शकतील. त्यासाठी काय पाहायचे, हे कुणीतरी नीट सांगायला हवे.

रुग्ण साधारण असा असतो. वय तिशी-पस्तिशी. बिडी पोरवयापासूनची. आधी चालताना तळपायाच्या कमानीत किंवा पोटरीत कळ येते आणि थोडे थांबले की उतरते. पुढे अंगठा रात्री ठणकू लागतो, पाय खाटेवरून खाली सोडला की जरा बरे वाटते. मधूनच पायावरच्या वरवरच्या शिरा लाल होऊन दुखतात, एका जागी बऱ्या होतात आणि दुसरीकडे उमटतात. नखाच्या कडेला झालेली जखम भरत नाही, बोट काळे पडते. मग पाड्यावरचा भगत, मग आरोग्य केंद्र, मग डहाणूचे रुग्णालय आणि तिथून वलसाड, सिल्वासा किंवा मुंबई. २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते, म्हणून मुंबई थोडी जवळ आली. पण दिवसाची मजुरी बुडवून जाणाऱ्याला ती अजूनही लांबच आहे. पाय एका राज्यात कापला जातो, टाके दुसऱ्या राज्यात काढले जातात आणि रोहिणीत नेमके काय झाले होते ते कुठल्याच कागदावर येत नाही. रुग्ण घरी परततो, कुबडी टेकून ओट्यावर बसतो आणि बिडी पेटवतो. त्याच्या उरलेल्या पायात तीच प्रक्रिया चालू असते.

या आजाराला बुर्गरचा आजार म्हणतात. फेलिक्स फॉन विनिवार्टर याने १८७९ मध्ये कापलेल्या एका पायातल्या रक्तवाहिन्यांचे वर्णन केले होते. पण आजाराला ओळख मिळाली ती लिओ बुर्गरमुळे. न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या या डॉक्टरने १९०८ मध्ये कापलेल्या अकरा अवयवांतल्या रोहिण्या आणि नीला तपासून आपला निबंध लिहिला. म्हणजे या आजाराचा शोध जिवंत रुग्णाच्या नाडीवर बोट ठेवून पुरा झाला नाही, कापलेला पाय वाया जाऊ दिला नाही म्हणून तो पुरा झाला. पश्चिम युरोपात पायाच्या रोहिण्यांच्या रुग्णांमध्ये या आजाराचा वाटा ०.५ ते ५.६ टक्के, तर भारतात ४५ ते ६३ टक्के, असे आकडे जेफ्री ओलिन यांनी २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या आढाव्यात दिले. हे आकडे रुग्णालयांत पोचलेल्या रुग्णांवर उभे आहेत आणि निदानाचे निकष सगळीकडे सारखे नव्हते, हे लक्षात ठेवूनही ही तफावत डोळ्यांआड करण्याजोगी नाही. जगात दुर्मीळ मानला जाणारा हा आजार आपल्या दारचा आहे.

तंबाखू सोडल्यावर काय होते, याचे उत्तर ओलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दिले. ज्यांनी तंबाखू पूर्ण सोडली त्यांच्यापैकी ९४ टक्के रुग्णांचे अवयव वाचले. ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यापैकी ४३ टक्के जणांवर एक किंवा अधिक वेळा अवयव कापण्याची पाळी आली. या आजारात एवढा मोठा फरक पाडणारा दुसरा उपाय नाही. म्हणून स्लाइडवरचे निदान हा पोथीतला विषय राहत नाही. ‘बिडी सोड’ हे सगळेच सांगतात आणि सगळेच ऐकून सोडून देतात. ‘तुझ्या पायाची शीर आम्ही पाहिली, ती चरबीने बुजलेली नाही, बिडीच्या आजाराने बुजली आहे, दुसरा पाय अजून वाचतो’ हे सांगणे निराळे आहे. त्याला आधार लागतो आणि तो आधार काचेवर असतो.

आता रोहिणीकडे येऊ. तिचा आडवा छेद घेतला की भिंतीचे तीन थर दिसतात. आतला अंतःस्तर निरोगी तरुणात इतका पातळ असतो की पेशींच्या एका ओळीपलीकडे फारसे काही दिसत नाही. मधला मध्यस्तर गुळगुळीत स्नायूंचा. बाहेरचा बाह्यस्तर सैल तंतूंचा, आणि मोठ्या रोहिणीत त्याच्यात भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. अंतःस्तर आणि मध्यस्तर यांच्या सीमेवर इलॅस्टिनची एक लवचीक पट्टी असते. रक्ताच्या दाबाने ती ताणलेली असते. पाय कापला, दाब गेला, फॉर्मलिनने ऊती आखडल्या की ती नागमोडी होते. नवा विद्यार्थी हे नागमोडी वळण पाहून रोग समजतो. ते रोगाचे लक्षण नाही, ती रोहिणी मोकळी झाल्याची खूण आहे.

माझ्या मते या विषयात शिरणाऱ्याने सगळ्यात आधी या पट्टीशी ओळख करून घ्यावी. मेदाने रोहिणी कठीण होण्याच्या आजारात, म्हणजे ॲथेरोस्क्लेरोसिसमध्ये, ही पट्टी ठिकठिकाणी तुटते, दुभंगते, विरळ होते. बुर्गरच्या आजारात आतली पोकळी गुठळीने पार भरून गेली तरी पट्टी बहुधा जागच्या जागी, सलग उभी असते. भिंतीची ठेवण टिकून असते आणि बिघाड आत भरलेल्या गुठळीत असतो. दोन आजारांत बाहेरून पाय सारखाच काळा पडतो. आत ही एक पट्टी त्यांना वेगळे करते.

हा भेद सगळ्यांना लगेच पटला असे नाही. १९६० मध्ये स्टॅनफर्ड वेस्लर आणि सहकाऱ्यांनी बुर्गरचा आजार मुळात अस्तित्वातच नाही, तो ॲथेरोस्क्लेरोसिस, बाहेरून आलेल्या गुठळ्या आणि साध्या रक्त गोठण्याचेच रूप आहे, असा खटला उभा केला. त्यांचा मुद्दा फुसका नव्हता. जुन्या, पूर्ण बुजलेल्या रोहिणीत सगळ्याच गुठळ्या शेवटी तंतुमय होतात, त्यांत नव्या बारीक वाहिन्या फुटतात आणि मूळ कारण पुसले जाते. १९६२ मध्ये व्हिक्टर मॅक्युसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे वय, कोरियातले रुग्ण, रक्तवाहिन्यांची क्ष-किरण चित्रे आणि सूक्ष्मदर्शकाखालचे छेद एकत्र मांडून हा आजार वेगळा असल्याचे दाखवले. हे तेच मॅक्युसिक, ज्यांनी पुढे वैद्यकीय आनुवंशशास्त्राची पायाभरणी केली. वेस्लर यांची शंका मला आजही उपयोगाची वाटते. ‘जुनी बुजलेली रोहिणी’ पाहून घाईने बुर्गरचे नाव लिहू नये, हा धडा तिच्यातूनच मिळाला.

गुठळी ताजी असेल तर निदान बरेच सोपे असते. तिच्यात पेशींची दाटी असते. न्यूट्रोफिल पेशींचे बारीक पुंजके, म्हणजे सूक्ष्म गळवे, आणि त्यांच्या कडेने अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी दिसतात. भिंतीतही दाहाच्या पेशी शिरलेल्या असतात, पण भिंत कुजत नाही. शेजारच्या नीलेतही तोच प्रकार चालू असतो. मग काही आठवड्या-महिन्यांत गुठळी तंतुमय होते, पेशी ओसरतात आणि शेवटी रोहिणी, नीला, मज्जातंतू हे तिघे तंतूंच्या एकाच जाड वेष्टनात बांधले जातात. म्हणूनच रोहिणी एकटी सोलून पाठवू नये, तिन्ही एकत्र हवेत. शिवाय आजार सलग नसतो. एका जागी रोहिणी बुजलेली आणि चार सेंटिमीटरवर मोकळी, असे असते. एकाच छेदावर समाधान मानू नये.

दुसऱ्या बाजूला मेदाचा आजार. त्याचा इतिहास लांबलचक आहे आणि त्यातले थोडेच इथे पुरे. मार्क आर्मंड रफर याने १९११ मध्ये इजिप्तच्या ममींच्या वाळलेल्या रोहिण्या अल्कोहोल आणि सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात मऊ करून त्यांचे छेद घेतले आणि हजारो वर्षांपूर्वीच्या भिंतींत कॅल्शियमचे थर दाखवले. ‘हा अलीकडचा आजार’ हे म्हणणे तेव्हाच डळमळीत झाले. दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, निकोलाय अनिच्कोव्हने रशियात सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या महारोहिणीत मेदाचे डाग पाडले. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांच्या तपासणीचा अहवाल १९५३ मध्ये आला. सरासरी वय २२.१, आणि ७७.३ टक्के जणांच्या हृदयरोहिण्यांत नुसत्या डोळ्यांना दिसेल असा बिघाड. विशी-बाविशीच्या धडधाकट मुलांत हा आजार रुजलेला असतो, हे त्या दिवसापासून नाकारता आले नाही. भारतात जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या रेणू विरमाणी यांनी २००० साली अचानक मृत्यू आलेल्या रुग्णांच्या हृदयरोहिण्यांच्या अभ्यासातून मेदगाठींची जी नवी वर्गवारी मांडली, ती आज जगभर वापरली जाते. फुटण्याच्या बेतात असलेल्या मेदगाठीवरचे तंतुमय आवरण ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ असते, हा निकष त्याच परंपरेतला. हे अंतर डोळ्यांत बसवायचे तर त्याच छेदातल्या तांबड्या पेशींकडे पाहावे. एक पेशी सात-आठ मायक्रॉनची. तशा आठ-नऊ पेशी ओळीने मांडल्या की संपले. जीव तेवढ्या जाडीवर अवलंबून असतो.

मेदाच्या आजाराची स्लाइड वाचताना एक गोष्ट नवख्याला चकवते. छेद करण्यासाठी ऊती चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून आणि मग झायलीनमधून न्यावी लागते, तेव्हाच ती मेणात मुरते. या प्रवासात मेद विरघळून जातो. ज्या पदार्थाने रोहिणी बुजली तोच काचेवर नसतो! उरतात त्या दोन्ही टोकांना निमुळत्या झालेल्या रिकाम्या फटी, जिथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते. फेसाळ पेशींत पोकळ्या पोकळ्या दिसतात, त्याही मेद गेल्याच्या. प्रत्यक्ष मेद पाहायचा असेल तर ऊती गोठवून छेद घ्यावा आणि ऑइल रेड ओने रंगवावा. त्याच गोठवलेल्या, न रंगवलेल्या छेदावर ध्रुवित प्रकाश सोडला तर कोलेस्टेरॉल एस्टरचे थेंब काळोखात उजळतात आणि प्रत्येक थेंबावर चार पाकळ्यांची फुली दिसते. महागडे यंत्र लागत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकात ध्रुवक पट्टीचे दोन तुकडे, एक दिव्यावर आणि एक नेत्रिकेच्या बाजूला, काटकोनात बसवले की काम होते.

इलॅस्टिनची ती पट्टी पाहण्याचा रंगही १९०८ सालचाच, बुर्गरच्या निबंधाच्याच वर्षीचा. बॉस्टनचे नेत्ररोगतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक व्हर्हॉफ यांनी तो दिला. याच वर्षी जपानमध्ये मिकितो ताकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांचे विचित्र जाळे नोंदवले आणि महारोहिणीच्या आणखी एका आजाराला पुढे त्यांचे नाव मिळाले. तो आजारही आपल्याकडे कमी नाही. रोहिण्यांच्या अभ्यासात १९०८ हे वर्ष असे तिहेरी महत्त्वाचे आहे.

व्हर्हॉफचा रंग करताना हात आणि डोळा दोन्ही जागे लागतात, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. हिमॅटॉक्सिलिन, फेरिक क्लोराइड आणि आयोडीन यांचे मिश्रण त्या दिवशीच करावे, शिळे चालत नाही. स्लाइड त्यात ठेवली की सगळी काळीकुट्ट होते, काहीच ओळखू येत नाही. नवखा इथेच घाबरतो. मग दोन टक्के फेरिक क्लोराइडमध्ये ती खाली-वर हलवत जादा रंग उतरवायचा, पाण्यात बुडवायची, ओलीच सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, पुन्हा उतरवायची. पार्श्वभूमी राखाडी झाली आणि त्यावर लवचीक तंतू काळे, रेखीव उठून दिसले की थांबायचे. हे थांबणेच खरे कौशल्य. दहा-पंधरा सेकंद जास्त झाले तर पट्टीचा रंगही उतरतो आणि सलग पट्टी तुटक दिसू लागते. म्हणजे बुर्गरचा रुग्ण तंत्रज्ञाच्या हातून मेदाच्या आजाराचा होतो! त्यावर उपाय आहे. पुढचा व्हॅन गीसनचा रंग अजून दिला नसेल तर स्लाइड पुन्हा पहिल्या मिश्रणात घालता येते. शिवाय त्याच छेदात कडेला एखादी छोटी, निरोगी रोहिणी सापडतेच. तिची पट्टी सलग काळी दिसते की नाही ते आधी पाहावे आणि मगच रोगट रोहिणीविषयी बोलावे. शेवटी व्हॅन गीसन दिला की कोलॅजन लाल, स्नायू पिवळे आणि पट्टी काळी. चांगली उतरलेली अशी स्लाइड पाहताना मला आजही मनापासून आनंद होतो.

जिथे व्हर्हॉफची रसायने नाहीत तिथेही वाट आहे. रोजच्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन) रंगातला इओसिन निळ्या प्रकाशात चमकतो आणि लवचीक तंतू त्यात ठळक उजळून निघतात. क्षयाच्या जंतूंसाठी वापरात आलेल्या एलईडी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकांत निळाच प्रकाश असतो. त्याखाली रोहिणीची साधी स्लाइड एकदा ठेवून पाहावी. निदानाचा शेवटचा शब्द त्यावर देऊ नये, पण कुठली स्लाइड व्हर्हॉफसाठी पुढे पाठवायची ते त्यावरून ठरवता येते.

मुंबईच्या वैद्यकाला कापलेल्या पायाकडे नीट पाहण्याची जुनी परंपरा आहे आणि ती इथल्या वाचकाला माहीत असावी. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, पुढे साताऱ्यालाही राहिले. शेतकऱ्यांचे सुजून भोके पडलेले पाय त्यांच्याकडे कापून येत. ते पाय त्यांनी चिरले, आतले काळे आणि पिवळसर दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि काळ्या दाण्यांत बुरशी आहे हे १८६०च्या सुमारास सांगितले. मायसेटोमावरचा त्यांचा ग्रंथ १८७४ चा. ते पाय अनवाणी काम करणाऱ्यांचे होते. शंभर वर्षांनंतरही मुंबईत हा धागा टिकलेला दिसतो. जी. एस. मेडिकल कॉलेजात आणि पुढे टाटा मेमोरियलमध्ये विकृतिशास्त्र उभे करणाऱ्या वसंत रामजी खानोलकरांनी कुष्ठरोगात मज्जातंतूंचे काय होते याचा ध्यास घेतला. हातापायाची संवेदना जाऊन जखमा होणाऱ्यांचे दुखणे त्यांनी पेशीपर्यंत नेऊन पाहिले. या दोघांचे काम वाचताना जाणवते की आपल्याकडे साधनांपेक्षा नमुन्यांची हेळसांड जास्त झाली.

इथल्या परिसरात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. पायाची न भरणारी प्रत्येक जखम बुर्गरची नसते. मधुमेह आहे, कुष्ठरोग आहे, सर्पदंशानंतरचा कुजलेला भाग आहे आणि आदिवासी पाड्यांवर सिकलसेलही आहे. सिकलसेलमध्ये घोट्याजवळ हट्टी व्रण होतात, बारीक वाहिन्या विळ्याच्या आकाराच्या पेशींनी तुंबतात, आणि मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्यांचा अंतःस्तरही जाड होऊ शकतो. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या म्हणून रुग्ण सिकलसेलचा ठरवू नये. पेशी केवळ वाहक असलेल्या माणसाच्या असल्या तरी प्राणवायू संपल्यावर तसा आकार घेऊ शकतात. त्यासाठी रक्ताचीच चाचणी हवी. म्हणून बाटलीसोबतच्या कागदावर वय, कामधंदा, बिडी की सिगारेट की नुसता चघळलेला तंबाखू आणि तो किती वर्षे, मधुमेह, सिकलसेलचा अहवाल, कोणता पाय, कुठल्या पातळीवर कापला, हे लिहिलेले असावे. महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा तोंडात ठेवण्याचा तंबाखू जास्त चालतो, म्हणून ‘बिडी ओढत नाही’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. या चार ओळींशिवाय आलेली रोहिणी अर्धवट बोलते.

नमुन्याचे बाकी शास्त्र थोडक्यात. दहा टक्के फॉर्मलिन, नमुन्याच्या दहापट तरी. मिठाच्या पाण्यात ठेवू नये. घोट्यामागची रोहिणी आणि पायाच्या पाठीवरची रोहिणी, दोन्हींचे तुकडे, आणि कापलेल्या टोकाजवळचा एक. भिंतीत कॅल्शियम असेल तर सुरी करकरते. जबरदस्ती न करता तुकडा आधी ईडीटीएमध्ये मऊ करावा, घाई असेल तर फॉर्मिक ॲसिडमध्ये. मग तीन ते पाच मिलिमीटरवर आडवे काप घ्यावेत आणि ते मेणात उभे बसवावेत. आडवा पडलेला काप तिरका छेदला जातो आणि तिरक्या छेदात निरोगी भिंतही जाड, रोगट भासते. मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉनचा छेद.

या शास्त्राच्या मर्यादाही सुरुवातीलाच सांगितलेल्या बऱ्या. गंजाड गाव जगाला ठाऊक आहे ते वारली चित्रांमुळे. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे इथलेच. त्यांच्या परंपरेतल्या चित्रात तारप्याचा फेर वरून दिसतो आणि फेरातली माणसे बाजूने दिसतात, एकाच भिंतीवर, एकाच वेळी. सूक्ष्मदर्शकाच्या छेदाला हे स्वातंत्र्य नाही. त्याला एकच प्रतल मिळते. गुठळी वर कुठे सुरू झाली, फाटा फुटतो तिथे काय आहे, हे एका काचेवर नसते. ओळीने छेद घेऊन ते मनात जोडावे लागते. दुसरी मर्यादा प्रकाशाचीच. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले की दृश्य प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, आणि ४० पटींच्या नेहमीच्या भिंगाला तर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच थांबावे लागते. पण रोहिणीच्या रोगांत जे प्रश्न रुग्णाच्या जिवाशी निगडित आहेत, पट्टी सलग आहे का, गुठळीत गळवे आहेत का, आवरण किती जाड आहे, ते सगळे या मर्यादेच्या पुष्कळ अलीकडचे आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही म्हणून अडून राहण्याचे कारण नाही. नेत्रिकेवर मोबाइल धरून काढलेला फोटो मुंबईतल्या तज्ज्ञाला दाखवता येतो आणि दुसरे मत मिळवता येते. तेवढ्यासाठी रुग्णाची मजुरी बुडत नाही. फोटोवर रुग्णाचे नाव मात्र कधीही नसावे.

पुढची प्रकरणे रोगांच्या क्रमाने आहेत, पण वाचकाने त्या क्रमाने सुरुवात करू नये अशी माझी विनंती आहे. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातून निरोगी रोहिणीचे दोन-चार ब्लॉक मागून घ्यावेत: तरुण वयाची एक, साठीची एक, एक पायातली, एक हृदयाची. त्यांचे छेद घेऊन एच अँड ई आणि व्हर्हॉफ दोन्ही रंग करावेत. पहिल्या काही व्हर्हॉफ स्लाइड बिघडतील, त्या टाकू नयेत, जास्त रंग उतरलेली पट्टी कशी दिसते हे त्यांच्यावरच शिकता येते. साठीच्या माणसाच्या निरोगी म्हणवणाऱ्या रोहिणीतही अंतःस्तर जाड झालेला असतो आणि पट्टी कुठे कुठे दुहेरी झालेली असते. वयाने काय होते आणि रोगाने काय होते, हे इथे डोळ्यांना एकदा कळले की पहिल्या प्रकरणातला रोगट छेद उघडावा, आधी चार पटींच्या भिंगाने, पूर्ण रोहिणी एका नजरेत येईल असा.